गोबरगॅस थंडावला, सीबीजीचा गाजावाजा वाढला. खान्देशच्या गोठ्याला आणि केळीच्या बांधाला यातून काय मिळणार?

जळगाव/धुळे : रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीची कटाई झाली की घड ट्रकमध्ये चढतात आणि खांब बांधावर पडतात. मृगबाग असो की कांदेबाग, गत तीच. दीड बाय दीड मीटरची लागण धरली तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात आणि एका झाडाला घड एकदाच येतो. म्हणजे पीक निघालं की तितकेच खांब शिल्लक. हेक्टरी साठ-सत्तर टन ओला माल सहज निघतो. काही जण रोटाव्हेटर फिरवतात. बाकीचा माल बांधावर, नाल्यात, रस्त्याच्या कडेला कुजत पडतो. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर विचारायलाच नको.

तिकडे साक्री, शिंदखेडा, पारोळा, अमळनेरकडच्या जुन्या गावांत वाड्याच्या मागे गेलं की दुसरं चित्र दिसतं. विटांचा गोल खड्डा, त्यात वाकडा पडलेला लोखंडी ड्रम, ड्रमला भोकं आणि आत उगवलेलं गवत. एकेकाळी या टाकीवर घरचा स्वयंपाक व्हायचा. आता तिच्यावर पावसाळ्यात भोपळ्याचा वेल चढतो.

या दोन चित्रांच्या मध्ये सरकारचं नवं धोरण उभं आहे. सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस. शेण, पिकांचे अवशेष, कचरा हवाबंद टाकीत कुजवायचा, निघालेला गॅस शुद्ध करून मिथेन ९० टक्क्यांच्या वर न्यायचा, दाबून भरायचा आणि सीएनजीच्या जागी गाड्यांना द्यायचा. २०२५-२६ पासून शहर गॅस वितरण कंपन्यांना सीएनजी आणि पाइप गॅसमध्ये एक टक्का सीबीजी मिसळणं बंधनकारक झालं आहे. पुढच्या वर्षी ते तीन टक्के, त्यानंतर चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के. एवढा गॅस कुठून तरी यावा लागणार. साहजिकच गावोगावच्या गोठ्याकडे आणि बांधाकडे आता नव्याने पाहिलं जातंय. प्रश्न एवढाच की या हिशोबात शेतकऱ्याचं शेण कोणत्या भावाने धरलंय आणि टाकीतून निघणारी स्लरी शेवटी कोणाच्या शेतात जाणार.

जुनी टाकी बंद का पडली?

गोबरगॅस महाराष्ट्राला काही नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात मैल्यापासून गॅस काढण्याचा प्रयोग १८९७ साली झाल्याची नोंद आहे. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या ड्रमचं मॉडेल आणलं, खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात ते गावोगाव नेलं. ८० च्या दशकात ड्रमऐवजी विटांचा घुमट असलेलं दीनबंधू मॉडेल आलं. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, अनुदान आलं, जिल्हा परिषदेला उद्दिष्ट आलं. उद्दिष्ट आलं की टाक्या होतात. पाच वर्षांनी त्यातल्या किती पेटतात, हे मोजण्याचं उद्दिष्ट मात्र कोणाला नसतं.

टाक्या बंद पडल्याचं खापर बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या आळसावर फुटतं. ते अर्धंच खरं. घरगुती दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो ओलं शेण लागतं. एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास देतं, म्हैस थोडं जास्त. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत आणि तीही गोठ्यात बांधलेली. दिवसभर चरायला गेलेल्या गाईचं अर्धं शेण रानात पडतं. आता बैलजोडीची जागा ट्रॅक्टरने घेतली. सालदार मिळेना, चारा महागला, आणि आधी जोडी गेली, मग गाय गेली. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात राज्यातलं गोवंशाचं संख्याबळ सुमारे दहा टक्क्यांनी घटलं. ज्या घरात पाच ढोरं होती तिथे एक म्हैस उरली. एका म्हशीवर टाकी चालत नाही.

दुसरं कारण घरातल्या बायकांना विचारलं की कळतं. पन्नास किलो शेण, तेवढंच पाणी, त्यातले काडी-कचरा वेचायचे, हाताने कालवायचं, लोंढ्यात ओतायचं. रोज. सणाला सुटी नाही. उन्हाळ्यात जिथे प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते त्या गावात टाकीला पन्नास लिटर पाणी कोण देणार? अनुदानाचा अर्ज घरधन्याच्या नावावर असतो आणि कालवणारे हात दुसरेच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरात सिलिंडर आला आणि नळ फिरवला की शेगडी पेटू लागली, तेव्हा त्या हातांनी टाकीकडे पाठ फिरवली यात नवल काही नाही.

तिसरी गोष्ट थंडी. टाकीतल्या जिवाणूंना तीस-पस्तीस अंशांचं ऊबदार वातावरण मानवतं. जळगावच्या उन्हाळ्यात त्यांची चंगळ असते, पण धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर येतो तेव्हा गॅस निम्म्यावर येतो. ज्योत लुकलुकते, वरण शिजत नाही, घरात चिडचिड. आणि खान्देशी स्वयंपाकाला आच कशी लागते हे काही सांगायला नको. खापरावरचे मांडे या गॅसवर होत नाहीत. भरताची वांगी तर पऱ्हाट्यांवरच भाजायची, त्याला इलाज नाही.

राहिलेली कारणं बारीक आहेत, पण टाक्या त्यांनीच मारल्या. पाइपात साचलेलं पाणी काढायचं असतं हे कोणी सांगितलं नाही. ड्रमला दर एक-दोन वर्षांनी रंग लागतो, तो लागला नाही. घुमटाला तडा गेला तर तो बुजवणारा गवंडी तालुक्यात नाही. बांधताना आलेला मिस्त्री बिल निघालं की परत फिरकला नाही.

हिशोब जुळतो का?

टाकी चालली तर मात्र हिशोब वाईट नाही. एक किलो ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. ५० किलोंचे दोन घनमीटर. महिन्याचे साठ. एक घनमीटर बायोगॅस साधारण पाऊण नव्हे, अर्धा किलोच्याही किंचित कमी एलपीजीचं काम करतो. म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस किलो, १४.२ किलोच्या पावणेदोन सिलिंडरांच्या बरोबरीचा गॅस. हिवाळ्याची घट धरली तरी महिन्याला एक सिलिंडर कुठे गेला नाही. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात (२०२१-२२ ते २०२५-२६) एक घनमीटरच्या टाकीला सर्वसाधारण गटात ९,८०० रुपये आणि दोन ते चार घनमीटरला १४,३५० रुपये साहाय्य ठरलं. अनुसूचित जाती-जमातींना दर जास्त. पण आजच्या विटा, सिमेंट, मजुरी पाहता एवढ्यात टाकीचा खड्डाच जेमतेम होतो. उरलेले पैसे शेतकऱ्याने आधी घालायचे आणि अनुदानाची वाट पाहायची.

आणि गॅसपेक्षा मोठा फायदा खाली राहतो तो वेगळाच. टाकीत शेण जळत नाही. त्यातला कार्बन गॅस होऊन निघतो. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत राहतं. गोवऱ्या थापल्या तर नत्र चुलीत धूर होऊन जातं. उकिरड्यावर वर्षभर उन्हात टाकलेल्या शेणखताचंही बरंचसं नत्र उडतं. ज्यांच्या टाक्या आजही सुरू आहेत, त्यांना विचारा. बहुतेक जण आधी स्लरीचं सांगतात, मग शेगडीचं.

मोठ्या प्रकल्पाला लागणारं शेण

पेट्रोलियम मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' योजना जाहीर केली. २०२३-२४ पर्यंत देशात ५,००० सीबीजी प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस, असं उद्दिष्ट होतं. सुरुवातीला तेल कंपन्यांनी किलोला ४६ रुपये भाव देऊ केला. मुदत उलटून गेली, प्रत्यक्षात सुरू झालेले प्रकल्प उद्दिष्टाच्या दशांशाच्याही जवळ गेलेले नाहीत. २०२३ च्या अर्थसंकल्पात 'गोबरधन'खाली आणखी ५०० प्रकल्पांची घोषणा झाली, त्यातले २०० सीबीजीचे.

आकडा कागदावर छान दिसतो. तो गोठ्यात उतरवून पाहू. एक टन सीबीजी काढायला साधारण ५० ते ६० टन शेण लागतं. रोज पाच टन गॅसचा, म्हणजे या धंद्यात लहानसाच मानला जाणारा प्रकल्प धरला, तर रोजचं पावणेतीनशे टन शेण. दहा किलोंच्या हिशोबाने २७ हजारांवर जनावरं, तीही सगळी दावणीला. एवढ्या गोठ्यांतून रोज सकाळी शेण उचलायचं, ट्रॉलीत भरायचं, प्रकल्पावर न्यायचं. शेणात चार-पंचमांश पाणीच. डिझेल जाळून पाणी वाहायचं आणि त्यातून गॅस काढायचा. वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे हा व्यवहार तोट्यात जातो, हे कोणताही ट्रॅक्टरवाला सांगेल.

पश्चिम महाराष्ट्राचं गणित वेगळं आहे. तिथे साखर कारखान्याच्या आवारातच प्रेसमड आणि डिस्टिलरीचं सांडपाणी तयार पडलेलं असतं. वेगळं गोळा करायची गरज नाही. म्हणून सीबीजीच्या बातम्या कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडून जास्त येतात. खान्देशातले सहकारी कारखाने एकेक करून अडचणीत गेले. साक्री तालुक्यातल्या पांझरा-कानचं चाक तर कित्येक वर्षं फिरलेलं नाही. तिकडचं मॉडेल इकडे तसंच चिकटवलं तर चालणार नाही.

केळीचा खांब : दिसतो सोपा, आहे अवघड

मग केळी? जिल्ह्याची ओळखच ती. शेणाची टंचाई, खांबाची रेलचेल, म्हणून अनेकांची नजर इथे जाते. पण खांबात ९० टक्क्यांच्या वर पाणी. हेक्टरी साठ-सत्तर टनांतून सुका माल सहा-सात टन. शिवाय तो धाग्याचा. कुट्टी न करता टाकीत घातला तर धागे वर तरंगतात, त्यांची जाड साय धरते आणि गॅसची वाट अडते. घरगुती टाकीत चुकूनही खांबाचे ओंडके टाकू नयेत. बारीक कुट्टी करून शेणासोबत थोडा थोडा घातला तर तो चांगला कुजतो. टाकीचं गाईच्या पोटासारखं असतं. आधी एका प्रकारचे जिवाणू अन्न आंबवतात, मग दुसरे त्या आंबटाचा मिथेन करतात. एकदम जास्त घातलं की आंबट वाढतं आणि दुसरे जिवाणू मरतात. टाकी बसली असं ज्याला गावात म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच.

खांबाला दुसरे वाटेकरीही आहेत. शेजारच्या गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने खांबाचा धागा काढून उरलेल्या पाण्यापासून द्रवरूप खत बनवलं. खांबात पालाश भरपूर असतो, तो जमिनीतूनच आलेला. खांब शेतातून कायमचा बाहेर गेला तर तेवढा पालाश पोत्यातून विकत आणावा लागेल. म्हणून केळी उत्पादकाने खांब देताना पैशांच्या बरोबरीने स्लरी परत मागितली पाहिजे.

कापसाच्या पऱ्हाट्यांबद्दलही अधूनमधून बोललं जातं. त्या लाकूड आहेत. लाकडातलं लिग्निन हे जिवाणू पचवू शकत नाहीत. पऱ्हाट्यांच्या विटा करून बॉयलरला विकता येतील, गॅसच्या टाकीत त्यांचं काम नाही.

जिथे कचरा एका जागी, तिथे गॅस

जळगावातच एक उदाहरण समोर आहे. जैन इरिगेशनच्या फळ-भाजी प्रक्रिया उद्योगात आंबा, कांदा यांवर प्रक्रिया होते. उरलेल्या साली-चोथ्यापासून तिथे बायोगॅस काढून वीज केली जाते. ते चालण्याचं कारण साधं आहे. माल त्याच आवारात तयार होतो, एका जातीचा असतो, पाहायला पगारी माणूस असतो आणि निघालेली ऊर्जा तिथेच खपते. गोळा करण्याचा खर्च जवळजवळ शून्य.

हाच नियम खालच्या पातळीवर लावला तर खान्देशात जागा बऱ्याच सापडतात. बाजार समित्यांतला भाजीपाल्याचा टाकाऊ माल, गोशाळा, पन्नास-शंभर म्हशींचे तबेले, सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळा. आश्रमशाळेत तर शेकडो मुलांचं उष्टं-खरकटं रोज निघतं, शौचालयं आहेत आणि स्वयंपाकाचा खर्चही मोठा. पुणे जिल्ह्यातल्या देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅस टाक्यांचं काम अनेक दशकं केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्र स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठीच आहे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी पीठ-खरकट्यावर चालणारी छोटी टाकी केली, तिला २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे तंत्र परदेशातून आणायला नको.

पैशाची वाटही होती. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गोबरधनसाठी जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत तरतूद ठरली. एक मॉडेल प्रकल्प उभा राहावा एवढी ती आहे. मात्र अशा सामूहिक प्रकल्पाचं उद्घाटन झालं की रोज शेण कोण आणणार, वीज बिल कोण भरणार, मोटर जळाली तर कोण, हे ठरलेलं नसतं. ग्रामपंचायतीचा सफाई कामगार हे सगळं करील असं गृहीत धरलं जातं. त्याचा पगार मुळात वेळेवर होत नाही.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः घातली. सरपणाची ओढ कमी करायची तर घरात दुसरी आच हवी, हे अशा गावांना समजावून सांगावं लागत नाही. जंगलकाठच्या गावांत जनावरं अजून टिकून आहेत. उद्दिष्टाच्या टाक्या तालुक्यांत समान वाटण्यापेक्षा अशा गावांत दिल्या तर पेटत्या राहण्याची शक्यता जास्त.

खड्ड्यात उतरू नका

एक गोष्ट कोणत्याही प्रस्तावात ठळक दिसत नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, अहमदनगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीसाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, त्याच्यामागे तिसरा. पाच जण गेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोर होता.

शेण कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कमी असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं धोका गेला. जोडीला कार्बन डायऑक्साइड, तो जड, खड्ड्याच्या तळाशी बसतो. दोन श्वासांत माणूस कोसळतो. जुनी टाकी साफ करायला, बंद विहीर स्लरीला वापरायला, पडलेली बादली काढायला कोणीही आत उतरू नये. वरचा माणूस पडलेल्याला वाचवायला उतरला की मृतांचा आकडा वाढतो, दर वेळी असंच घडतं. बंद पडलेल्या टाक्या आणि उघडे स्लरीचे खड्डे खान्देशात कमी नाहीत. त्यांवर जाळी आणि झाकण बसवायला कोणत्या योजनेची वाट पाहायची गरज नाही.

ग्रामसभेत विचारायचं काय?

येत्या काळात सीबीजी प्रकल्पाचे प्रस्ताव घेऊन माणसं गावात येतील. जागा मागतील, शेणाचा करार मागतील, केळीचे खांब फुकट उचलतो म्हणतील. फुकट उचलणं हेसुद्धा आज शेतकऱ्याला बरं वाटतं, कारण खांब शेताबाहेर काढायला मजुरी जाते. पण शेणखताच्या ट्रॉलीला आज बाजारात भाव आहे. प्रकल्पात तयार होणाऱ्या सेंद्रिय खताच्या विक्रीवर केंद्र सरकार २०२३ पासून टनाला १,५०० रुपये बाजार साहाय्य देतं. म्हणजे स्लरीची किंमत सरकारनेच मान्य केलेली आहे. मग किती शेणामागे किती स्लरी किंवा खत परत, कोणत्या दिवशी, कोणाच्या भाड्याने, हे करारात आकड्यांत लिहून घ्यावं. प्रकल्प सहा महिने बंद राहिला तर शेणाचं काय, हेही. पाणी कुठलं वापरणार, बोअरचं की सांडपाणी, हे टंचाईच्या तालुक्यात आधी विचारावं. आणि घरची टाकी बांधणाऱ्याने जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात अर्ज करताना एक चौकशी जरूर करावी, की बांधणाऱ्या मिस्त्रीकडून किती वर्षं दुरुस्तीची हमी मिळते आणि तो राहतो कुठल्या तालुक्यात.